ए साहेबांचे कैवारी

कोपरी, ठाणे
शनिवार, दुपार

तीर्थरूप मामंजींस,
इंदूचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्याशी सरळ बोलायची ही माझी पहिलीच वेळ. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तुम्ही जाईपर्यंत आपल्या दोघांत एक वाक्यसुद्धा थेट गेलं नाही. सुनेने सासऱ्याशी बोलायचं नाही, सासऱ्याने सुनेला नावाने हाक मारायची नाही. जे काय असेल ते सासूबाईंच्या मार्फत. आता पहिल्यांदा बोलायला बसले तीही चिडून. पत्रात ‘आपण’ लिहायला हवं हे मला कळतं, पण ‘आपण’ लिहून भांडता येत नाही, म्हणून ‘तुम्ही’ लिहिते. राग मानू नका. मानलात तरी आता कोणामार्फत कळवणार?

तुम्हाला जाऊन वर्ष उलटलं, मामंजी. पण तुमचं म्हणणं काही या घरातून जायला तयार नाही!

झालंय असं की सासूबाईंच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय. डावा डोळा लहानपणी देवी आल्या तेव्हाच गेला, हे तुम्हाला मी काय सांगणार! म्हणजे उरला तो हा एकच. पलीकडे, ठाण्यातल्या डोळ्यांच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी नीट बघून सांगितलं की मोतीबिंदू आत्ता काढला तर जाड भिंगाच्या चष्म्याने दिसेल. आणखी थांबलात तर डोळा आतून बिघडेल, मग काढूनही उपयोग नाही. येत्या बुधवारी खाट राखून ठेवतो म्हणाले. आणि सासूबाई म्हणतात, नाही.

का, म्हणून विचारलं. तर म्हणाल्या, “इकडून सांगून ठेवलंय. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही.”

घ्या! ज्या वाक्याने मला तुमच्या आजारपणात रडकुंडीला आणलं, तेच वाक्य पुन्हा माझ्यासमोर.

तुम्हाला आपली ती परीक्षा आठवते का? आपली म्हणते, कारण बसले मी असले तरी साऱ्या कोपरीला वाटत होतं की तुम्हीच बसलायत. तुमच्या चिरंजीवांनी कुठून तरी एक सायक्लोस्टाइल केलेली पुस्तिका आणली होती. एका कचेरीत बायकांनाही घेणार होते, आणि घेण्याआधी बुद्धीची चाचणी होती. इंटरला मी तर्कशास्त्र घेतलेलं, तेव्हा त्यांना वाटलं बघू या. घरात नुसता विषय निघाला आणि तुम्ही पुस्तिकेचा ताबा घेतलात. मिठागराच्या कचेरीत इतकी वर्षं हेडक्लार्क होतात, निवृत्त झाल्यापासून हाताखाली कोणी नव्हतं. आयती सून सापडली.

मग रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी शाळा भरायची. तुम्ही ओटीवरच्या बाकावर, मी स्वयंपाकघराच्या दाराआड, आणि मधे सासूबाई, पुढ्यात तांदळाचं सूप घेऊन. तुम्ही प्रश्न वाचायचात तो मला अक्षर न् अक्षर ऐकू यायचा. तरी वाचून झाला की तुम्ही सासूबाईंना म्हणायचात, “सूनबाईंना विचारा.” मग सासूबाई मान वळवून मला विचारायच्या. मी उत्तर द्यायची, ते तुम्हाला ऐकू गेलेलं असायचं, पण तुम्ही बाकावर गप्प. सासूबाईंनी मान वळवून सांगितल्यावर तुम्ही म्हणायचात, “अस्सं.”

शिवाय सासूबाई काही नुसत्या इकडचं तिकडे करत नव्हत्या. मी म्हणायची, मामंजींचं साफ चुकलंय. त्या तुम्हाला सांगायच्या, “ती म्हणते, पुन्हा एकदा बघावं.” तुम्ही म्हणायचात, हा शुद्ध मूर्खपणा आहे. त्या मला सांगायच्या, “त्यांना जरा वेगळं वाटतंय.” सगळं ऐकू येत असताना वर ही साखर! मला हसू यायचं आणि तळपायाची आग मस्तकातही जायची.

पण खरी डोकेदुखी वेगळीच होती. पुस्तिकेतले निम्मे प्रश्न एकाच जातीचे: मिस्टर ए अमुक एक युक्तिवाद करतात, खालीलपैकी कोणतं विधान खरं मानलं तर तो युक्तिवाद सर्वांत कमकुवत होतो? कमकुवत, मामंजी! आणि तुम्ही दर वेळी नेमका त्याला टेकू देणारा पर्याय उचलायचात. दर वेळी!

छत्रीचा प्रश्न आठवतो? ए म्हणतात, आमच्या गावात ज्यांच्याकडे छत्र्या आहेत तीच माणसं जास्त भिजतात, यावरून छत्रीने माणूस कोरडा राहत नाही असं सिद्ध होतं. आणि खाली चार विधानं. गावात छत्रीचं दुकान एकच आहे. गावातल्या बऱ्याच छत्र्या फाटक्या आहेत. छत्र्या काळ्या रंगाच्या आहेत. आणि चौथं, ज्यांना पावसात बाहेर पडावंच लागतं तेच लोक छत्री विकत घेतात. आता यात विचार करण्यासारखं काय आहे? बाहेर पडणारा भिजणारच, घरात बसलेला कसा भिजेल? त्यात छत्रीचा काय दोष? मी दाराआडून तेव्हाच चौथा म्हटलं.

तुम्ही म्हणालात, दुसरा. छत्र्या फाटक्या आहेत.

मी सासूबाईंना म्हटलं, अहो आई, फाटक्या आहेत म्हटलं तर ए साहेबांचंच खरं होतं ना! सासूबाईंनी ते साखर लावून पोचवलं. त्यावर तुम्ही काय म्हणालात? म्हणालात, “होऊ दे की. परगावचा सभ्य माणूस, एकटा पडलाय, आणि एकेका वाक्यावर चार-चार विधानं त्याच्या अंगावर सोडायची? बोललाय तर काही पाहूनच बोलला असेल.”

मी कपाळाला हात लावला. तुम्हाला तो ए खरोखरीचा माणूस वाटायचा! तुम्ही त्याला ‘ए साहेब’ म्हणायचात. तुमच्या लेखी दारात आलेल्या माणसाचं बोलणं खाली पडू देणं म्हणजे त्याला पाणी न विचारता परत पाठवणं. पाणपोईच्या प्रश्नात तर तुम्ही उत्तर द्यायलाच नकार दिलात. ए साहेब म्हणत होते, स्टेशनाजवळ पाणपोई घातल्यापासून पोरं आजारी पडायची कमी झाली. याला कमकुवत करा म्हटलं तर तुम्ही पुस्तिका मिटून ठेवलीत. म्हणे, पाणपोई हे पुण्याचं काम, त्याच्याविरुद्ध आपल्या घरातून शब्द जाणार नाही. आणि मी परीक्षेत काय लिहायचं, मामंजी? पुण्याचं काम आहे म्हणून सोडलं?

शेवटी एकदा मी वैतागून सासूबाईंना म्हटलं, त्यांना सांगा, युक्तिवाद कमकुवत केला म्हणजे ए साहेब खोटे ठरत नाहीत. त्यांचं म्हणणं अजूनही खरं असू शकतं, फक्त एवढ्या पुराव्यावर भरवसा ठेवता येत नाही, इतकंच. हे मात्र तुम्हाला फार आवडलं. “म्हणजे त्यांची अब्रू शाबूत राहते?” असं तुम्ही दोनदा विचारून घेतलंत. ‘कमकुवत म्हणजे खोटं नव्हे’ हे मीच तुमच्या हातात दिलं. त्याचं पुढे काय झालं ते तुम्ही जाणताच.

परीक्षेत मी पास झाले, नोकरीही लागली. गुपित सांगू? त्या प्रश्नांना मी आधी बघायची, मामंजींनी यातला कोणता उचलला असता? तो खोडायची आणि मग उरलेल्या तिनांत शोधायची. फार वेळ वाचला. तुम्ही इकडे घरोघर पेढे पोचवलेत आणि सांगत सुटलात की सूनबाईंची तयारी आम्ही करून घेतली. खोटं तरी कसं म्हणू?

आणि मग तुमचा दम वाढला. ओटीची पायरी चढलात तरी खांबाला धरून उभे राहायला लागलात. आपल्या डॉक्टरांनी सांगितलं, इस्पितळात हलवा, फुफ्फुसात पाणी झालंय, तिथे काढता येईल. तुम्ही खाटेवर बसल्या बसल्या हिशेब मांडलात. शहाडचे वामनराव इस्पितळात गेले, परत आले नाहीत. मिठागरातला गणपत गेला, परत आला नाही. भिकोबा गेला नाही, घरीच पडून राहिला, तो आज भाजीची पाटी घेऊन फिरतोय. म्हणून आम्ही जाणार नाही.

मामंजी, हा छत्रीचाच प्रश्न होता हो! तस्साच!

तुम्हाला उलट बोलायची मला सोय नव्हती. म्हणून मी दाराआड बसून, पुस्तिकेतला असल्यासारखा, प्रश्न घातला. ए साहेब म्हणतात, इस्पितळात गेलेले परत येत नाहीत, म्हणून जाऊ नये. यातलं कशाने कमकुवत होतं? इस्पितळातलं जेवण बेचव असतं. तिथे फिनेलचा वास येतो. इस्पितळ घरापासून लांब आहे. की, लोक माणसाला श्वास घशाशी आल्यावरच तिथे नेतात? सासूबाईंनी सगळं तुम्हाला सांगितलं. 

तुम्ही खूप वेळ घेतलात. मला वाटलं, आता उमगलं. आणि तुम्ही म्हणालात, पहिला. जेवण बेचव असतं.

मग मी दाराआडून मोठ्याने म्हटलं, चौथा. सासूबाईंनीही साखर न लावता सांगितलं, ती म्हणते चौथा. त्यावर तुम्ही हसलात, खोकलात, आणि म्हणालात, “असेल चौथा. पण सूनबाईंना म्हणावं, कमकुवत म्हणजे खोटं नव्हे.”

दुसऱ्या दिवशी तुमचे चिरंजीव टांगा घेऊन आले तो तुम्ही परत पाठवलात. टांगेवाल्याला चहा पाजून पाठवलात, ते वेगळंच! घोडा वळवायला जागा नव्हती, तुम्ही खिडकीतून त्याला कसा वळव ते सांगत होतात. तो टांगा वळताना मी स्वयंपाकघरातून बघत होते. महिन्याच्या आत तुम्ही गेलात. मला अजून त्या दिवसाचा राग येतो. तुमचा येतो, टांगेवाल्याचा येतो, त्या वामनरावांचाही येतो, ज्यांना मी पाहिलंसुद्धा नाही.

हे सगळं आज कशाला उगाळतेय? कारण सासूबाईंशी मी तीन दिवस डोकं फोडतेय.

मी म्हटलं, अहो आई, मामंजी इस्पितळात गेले नाहीत, तरी राहिले का? त्या म्हणाल्या, “पण आपल्या खाटेवर गेले.”

मी म्हटलं, डोंबिवलीच्या यमूमावशींनी नाही का मोतीबिंदू काढून घेतला? त्या आता पोथी वाचतात. तर म्हणाल्या, यमूचे दोन डोळे होते, एक बिघडला असता तर दुसऱ्यावर निभावलं असतं. माझा एकच आहे, तिच्याशी माझी बरोबरी कशी होईल?  उत्तर अगदी बिनचूक होतं!

मी म्हटलं, तिथल्या डॉक्टरांनी इतक्या जणांचे मोतीबिंदू काढलेत, ते स्वतः सांगतात की सगळे खूश आहेत. त्या म्हणाल्या, “ज्यांचे बिघडले ते त्याला सांगायला कशाला परत जातील? त्याच्या दारात येतात ते बरे झालेलेच.”

मला असा संताप आला! ही तर पुस्तिकेतली विद्या. मला वाटत होतं त्या नुसते तांदूळ निवडतायत. शाळा माझी होती, मास्तर तुम्ही होतात, आणि शिकल्या त्या! मी काहीही म्हणावं, त्यांनी ते कमकुवत करावं. तुमचं एक वाक्य मात्र त्यांना कमकुवत करता येत नाही. का? तर ते इकडून आलेलं आहे म्हणून!

तुमचे चिरंजीव म्हणतात, आईच्या मनाविरुद्ध नको. त्यांच्याकडून मी कधी जास्त अपेक्षा केली नव्हती. ते तुमच्यावर गेलेत. समोरचा जे बोलेल ते त्यांना पटतं.

काल जेवताना त्यांच्या दाताखाली खडा आला. ते काही बोलले नाहीत, गिळला बहुधा. पण कडकन् आवाज झाला तो सासूबाईंना ऐकू गेला. तांदूळ त्यांनीच निवडले होते. आख्ख्या आयुष्यात या घरातल्या भातात कधी खडा आला नव्हता. त्यांनी ताट सारलं आणि हात धुवायला उठल्या, त्या दाराच्या चौकटीला खांदा आपटून गेल्या. आता सांगा, मामंजी, तुमच्या ए साहेबांच्या अब्रूसाठी मी हे बघत बसू?

त्या हाका मारतायत. उठते.

रविवार, संध्याकाळ

काल पत्र अर्धंच राहिलं. बरं झालं राहिलं.

आज दुपारी जेवणं आटोपल्यावर सासूबाई सूप घेऊन बसल्या. आता त्या नजरेने नाही, बोटांनी निवडतात. एकेक दाणा चिमटीत घेऊन चाचपतात. तुमचे चिरंजीव वर्तमानपत्रात डोकं घालून बसले होते. तुमच्या बाकावर कोणी बसत नाही. तिथे घडी केलेल्या चादरी असतात.

माझ्याकडचे युक्तिवाद संपले होते. म्हणजे होते, पण ते त्यांनी मोडून ठेवले असते. मी काय केलं, स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन बसले. आपल्या जुन्या जागेवर. आणि म्हटलं, “आई, मामंजींना विचारा.”

त्यांची बोटं थांबली. मी पुढे गेले. म्हटलं, ए साहेब म्हणतात, इस्पितळात गेलेला परत येत नाही, म्हणून डोळ्यासाठीसुद्धा जाऊ नये. खालीलपैकी कोणत्या विधानाने हे म्हणणं कमकुवत होतं? पहिलं, इस्पितळात आठ दिवस उताणं निजवतात आणि डोकं हलवू देत नाहीत. दुसरं, यमूमावशींचे डोळे दोन होते. तिसरं, जेवण बेचव असतं. चौथं, जे परत आले नाहीत त्यांना उचलून नेलं होतं. ही बाई स्वतःच्या पायांनी चालत जाणार आहे.

मला वाटलं, आता त्या रागावणार. गेलेल्या माणसाची थट्टा करतेस म्हणणार. 

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. बाकाकडे मान वळवली. पदर नीट केला, आणि तुम्हाला ऐकू यावं म्हणून नेहमी काढायच्या तसा आवाज थोडा वर काढून सगळा प्रश्न सांगितला. चारही विधानं, क्रमाने. या वेळी त्यांनी त्यातला एक शब्दसुद्धा मऊ केला नाही. मग त्या थांबल्या. तुम्ही नेहमी वेळ घ्यायचात ना, तेवढ्या थांबल्या. तुमच्या चिरंजीवांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. मी दाराची कडी घट्ट धरून ठेवली होती, का ते सांगता येणार नाही.

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. म्हणाल्या, “म्हणतात, चौथा.”

 त्यांनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. थोड्या वेळाने, तांदळात बोटं फिरवता फिरवता, त्या म्हणाल्या, “आणि म्हणतात, बुधवारचा टांगा सांगून ठेवा. या खेपेस परत पाठवायचा नाही.”

मामंजी! आख्ख्या पुस्तिकेत तुमचं एक उत्तर बरोबर आलं नाही, आणि आलं ते आज! तेव्हा आलं असतं तर? तो टांगेवाला चहा न पिता तुम्हाला घेऊन गेला असता तर? कदाचित तरीही गेला असतात, हे मला कळतं. मीच शिकवलंय तुम्हाला. पण मला तुम्ही अजून थोडे दिवस हवे होतात. बाकावर बसून चुकीची उत्तरं देणारे हवे होतात. हे तुम्हाला सासूबाईंच्या मार्फत सांगता आलं नसतं, त्यांनी साखर लावण्याआधीच आम्ही दोघी रडलो असतो.

तुमचे चिरंजीव मघाशी तोंड उघडत होते. म्हणत होते, “अगं आई, अण्णा कसे...” मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. संध्याकाळी निमूटपणे जाऊन टांगा सांगून आलेत.

आता माझं वचन ऐका, आणि या वेळी मधे कोणी नाही म्हणून नीट ऐका. बुधवारपासून मी कचेरीतून रजा घेणार आहे. सासूबाईंच्या उशाशी मीच बसेन, त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरेन, आणि पट्टी सुटेपर्यंत ते हलू देणार नाही. त्यांना चमच्याने पेज भरवेन, ती बेचव असली तरी. पुस्तिका बरोबर नेईन आणि पडल्या पडल्या त्यांना प्रश्न वाचून दाखवेन; पाणपोईचा तेवढा वगळून. आणि एक. आज दुपारी ते उत्तर बाकावरून आलं, अशीच या घरात नोंद राहील. कोणी काही म्हणो, ते उत्तर मी कधीही, कोणालाही कमकुवत करू देणार नाही.

तुमची,
दाराआडची सून,
इंदू